पावणेआठची शिफारस

त्या बाईचं नाव काढलं की माझं डोकं फिरतं. नाव म्हणजे खरं नाव नव्हे. ऑफिसात तिला सगळे पावणेआठ म्हणतात. हवामान केंद्रात सकाळची नोंद आठला घ्यायची असते, आणि ही बया नऊ वर्षं, ताप असो, वादळ असो, पावणेआठला फाटकात हजर! एकदा तरी उशीर कर की गं. नाही म्हणजे नाही. माणसाने इतकं नाकासमोर चालू नये, आजूबाजूच्यांना त्रास होतो.

मी केंद्राचा प्रमुख, ती निरीक्षक, म्हणजे माझ्या हाताखालची. आमचं काम ऐकायला अगदी सोपं. ऑफिसपासून तीनशे पावलं उतरून खालच्या मैदानात जायचं, झडपांची पांढरी पेटी उघडायची, आतला थर्मामीटर दशांशापर्यंत वाचायचा आणि वर येऊन वहीत लिहायचा. करून बघा एकदा, थंडीत, ओल्या गवतातून, पन्नाशीच्या गुडघ्यांनी. मग बोला.

ही वाचताना श्वास रोखून धरते. "तोंडाची वाफ लागली तर पारा चढतो, सर." मी चेष्टा करायचो, "अगं, पारा कुठे पळून जात नाही, जीव जाईल तुझा!" हसायची नाही. घरी दोन खोल्या, आई आणि आईचं शिवणयंत्र. कापडाच्या ढिगाशेजारी बसून ही गणितं सोडवत बसायची. तिला वातावरणशास्त्रात पुढचं शिकायचं होतं, संशोधनाची पदवी घ्यायची होती. आमच्या खात्याची अभ्यासरजा एकाच विद्यापीठासाठी मिळते आणि तीही पस्तिशीच्या आत. हिला तेहतीस पूर्ण. म्हणजे यंदा, नाहीतर पुढच्या वर्षी, नाहीतर जन्मभर वही आणि पेटी.

अर्जाला तीन शिफारसपत्रं लागत होती. दोन तिच्या जुन्या प्राध्यापकांची आणि तिसरं कामावरच्या साहेबांचं, म्हणजे माझं.

"देतो की!" मी म्हणालो. अगदी मनापासून म्हणालो, खोटं कशाला सांगू? "अर्जाला काय जोडलंयस ते आण बघू."

तिने बारा पानं समोर ठेवली. आमच्याच केंद्राच्या तीस वर्षांच्या नोंदी घेऊन तिने दाखवलं होतं की सकाळचा गारठा वर्षागणिक कमी होत चाललाय. छान लिहिलं होतं. पाचव्या पानावर मात्र मी अडकलो. यातली सहा वर्षं तिने वगळली होती, आणि कारणही दिलं होतं. खरा पारा कुठेही थांबतो, तीनावर, सातावर, आठावर. या सहा वर्षांत मात्र हवा वाईट असलेल्या दिवशी दशांशाच्या घरात नुसते शून्य आणि पाच. म्हणजे कुणी खाली गेलंच नव्हतं. आकडे खुर्चीत बसून भरले होते.

ती सहा वर्षं सकाळची पाळी माझी होती. वहीतलं अक्षरही माझंच, टपोरं, शाळकरी पोरसुद्धा ओळखेल.

"नाव कुठेच घातलं नाहीये, सर," ती हळूच म्हणाली.

अंगाचा तिळपापड झाला माझा. वर उपकार करतेय! "खाल्ल्या घरचे वासे मोजतेस?" मी ओरडलो. "ती सहा वर्षं परत घाल आधी."

"घातली तर उत्तर चुकतं, सर."

"चुकू दे! तुझ्या उत्तरावाचून कुणाचं अडलंय?"

"माझं," ती म्हणाली. पानं गोळा केली, कोपरे जुळवले आणि गेली.

घरी बायकोला सांगितलं. वाटलं, आपली बाजू घेईल. तर ती म्हणते कशी, "मग तिने त्यात खोटं काय लिहिलंय?" मी ताटावरून उठलो. चोराच्या मनात चांदणं, असं तुम्हीही म्हणाल. म्हणा खुशाल! निवृत्तीला सव्वा वर्ष उरलं होतं. नव्या लोकांच्या प्रशिक्षणात 'खाली उतरल्याशिवाय नोंद नाही' असं फळ्यावर लिहिणारा मी. आणि हिने मला त्याच फळ्यासमोर उघडं पाडायचं?

विद्यापीठाकडून पत्र भरायची लिंक आली. उघडली तर पहिलीच ओळ: 'हे पत्र वाचण्याचा हक्क अर्जदाराने सोडून दिला आहे.' तिने स्वतःच तशी खूण केली होती. ती ओळ मी तीनदा वाचली. मी काहीही लिहिलं तरी तिला कळणार नव्हतं.

मुदतीच्या शेवटच्या दिवशी, भर दुपारी, ऑफिसचं दार सताड उघडं ठेवून मी लिहिलं: 'कष्टाळू आहे, परंतु तिच्या नोंदी भरवशाच्या नाहीत. हवा वाईट असली की ती खाली जात नाही, जागेवर बसून आकडे भरते. हे मी स्वतः अनेकदा पाहिलं आहे.' खिडकीतून ती दिसत होती, खाली मैदानात, पेटीपाशी. मी बटण दाबलं.

अडीच महिन्यांनी नकार आला. माझ्या टेबलासमोर उभी राहून तिनेच सांगितलं. डोळे सुजलेले होते.

"वाईट झालं," मी म्हणालो. जीभ झडली नाही माझी.

"पुढच्या वर्षी शेवटची संधी आहे, सर. पत्र तुम्हीच द्याल ना?"

"माझ्याकडे कशाला येतेस? एवढं तोडून बोललो तुला."

"दुसरं कोण देणार, सर? नियमच आहे तसा. आईला भीती वाटत होती. पण मी तिला म्हटलं, सर आकडे बसून लिहितील, माणसाबद्दल खोटं लिहिणार नाहीत."

असा संताप आला मला तिचा! अगं, संशय तरी घे. तक्रार कर, शिव्या दे, काहीतरी कर की! लाज वाटली, हो, लाजही वाटली, आणि त्या लाजेचासुद्धा रागच आला.

"देईन," मी म्हणालो. ती "थँक्यू, सर" म्हणाली आणि नोंदीची वेळ झाली म्हणून निघून गेली.

ती गेल्यावर मी ती लिंक पुन्हा उघडली. म्हटलं, या वेळी नीट लिहू, जे आहे ते लिहू. पडद्यावर एवढंच आलं: 'आपलं पत्र आमच्याकडे जमा आहे. याच अर्जदाराच्या पुढील अर्जांसाठीही हेच पत्र ग्राह्य धरलं जाईल. त्यात बदल करता येणार नाही.' मी विद्यापीठाला फोन केला. पलीकडच्या कारकुनाने विचारलं, "पत्रात काही चुकीचं लिहिलं गेलंय का? तसं असेल तर सही करून लेखी कळवा, मग बघू." मी फोन ठेवला.

आता वर्ष होत आलं, तिचा अर्ज पुढच्या महिन्यात जायचाय. विद्यापीठाला लेखी कळवायचा कागद माझ्या टेबलावर आहे, अजून कोराच आहे.