ग्रुपमधून निघून गेलेल्या सुषमाताई

मागच्या मंगळवारी सकाळी सव्वादहाला सुषमाताई माझ्या ग्रुपमधून निघून गेल्या. हल्ली कोणी ग्रुप सोडला की फक्त ॲडमिनला कळतं... आणि ॲडमिन मीच. हळद-मीठ लागलेल्या हातात फोन धरून मी ती एक ओळ चार वेळा वाचली.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. मी न्हावा शेव्याला एका ऑफिसात कंटेनरची कागदपत्रं बघायचे. ती नोकरी गेल्यावर घरातूनच मासळीचं काम सुरू केलं. उरणहून भाऊ पहाटे मासळी पाठवतो, मी ती साफ करून, तुकडे करून आमच्या खांदा कॉलनीत घरपोच देते. ऑर्डर सगळ्या व्हॉट्सॲप ग्रुपवर.

सुषमाताई समोरच्या बिल्डिंगमधल्या, माझ्या पहिल्या गिऱ्हाईक. निम्मा ग्रुप त्यांनीच जमवून दिलाय. आता त्या गेल्या म्हणजे त्यांच्या मागोमाग बाकीच्याही जाणार आणि माझं दुकान बंद... एवढं सगळं मी दोन मिनिटांत ठरवून टाकलं.

चूक कुठे झाली तेही मला ठाऊक होतं. म्हणजे, तसं वाटत होतं. आधी मी बुधवारी आणि शनिवारी, आठवड्यातून दोनदाच मेसेज टाकायचे. मग एक फुकटचा वेबिनार केला. त्यातले सर म्हणाले, रोज दिसा, दिवसातून तीनदा दिसा, नाहीतर लोक विसरतात.

मी पडले आज्ञाधारक. सकाळी फोटो, दुपारी रेसिपी, संध्याकाळी 'शेवटचे काहीच डबे शिल्लक'. डबे चांगले भरपूर शिल्लक असायचे, पण सरांनी तसंच लिहायला सांगितलं होतं. प्रत्येक वेळी पाठवायचं बटण दाबताना वाटायचं... लोक वैतागले असतील का, आपल्याला म्यूट केलं असेल का.

मंगळवारनंतर मी एकही मेसेज टाकला नाही. कोपऱ्यावरच्या मेडिकलमध्ये जायचं तर लांबून वळसा घालून गेले, सुषमाताईंच्या गेटसमोरून जायची हिंमत होईना. ग्रुप उघडायचीही भीती, न उघडायचीही. आणि ऑर्डर... बुधवारी तीन, गुरुवारी एक.

शुक्रवारी भावाचा फोन आला. "काय गं, ऑर्डर नाय? मी माल कुनाच्या भरवशावर घेऊ?" मी म्हटलं, सगळे बाहेरगावी गेलेत. धडधडीत खोटं. आता मात्र काहीतरी करणं भागच होतं.

दुपारी सुषमाताईंना मेसेज लिहायला बसले. सहा वेळा लिहिला, सहा वेळा पुसला. शेवटी 'ताई, माझ्या मेसेजेसचा त्रास झाला का?' एवढंच पाठवलं. दोन निळ्या टिका आल्या... उत्तर नाही. संध्याकाळपर्यंत नाही.

शनिवारी सकाळी त्यांचा फोन आला. खरं सांगते, मी घेतलाच नाही. वाजू दिला. दुसऱ्यांदा वाजला तेव्हा ओट्याला धरून उभी राहिले आणि घेतला.

त्या शांतपणे बोलत होत्या. "अगं, माझे सासरे गेले. आम्ही सगळे महाडला गावी होतो. मंगळवारी दहावा होता. कावळा काही शिवेना, तासभर सगळे पिंडाकडे बघत बसलेले... आणि माझ्या हातातल्या फोनवर तुझी पापलेटं. शेजारी नणंद होती. काय करणार, निघाले ग्रुपमधून."

त्या दिवशीचा मेसेज मला पाठ होता. 'आज काय स्पेशल?' आणि पुढे डोळ्यांत बदाम असलेले तीन चेहरे. लाजेनं कान तापले. कशीबशी 'सॉरी ताई' म्हणाले.

"राग नाही गं तुझ्यावर. तुला कुठे माहीत होतं. काल तेरावं झालं, सासूबाईंना इकडे घेऊन आलेय. त्यांच्या घशाखाली घास उतरत नाही. उद्या थोडी मांदेली देशील? कुरकुरीत तळली तर खातील कदाचित."

फोन ठेवल्यावर आईला सगळं सांगितलं. आईनं तीस वर्षं डोक्यावर टोपली घेऊन मासळी विकली. ती जराही चकित झाली नाही. "आमी पयलं दारातूनच इचारायचो, आज चालतंय काय? हो बोलली तरच टोपली खाली. कुनाकडं सोमवार, कुनाकडं सुतक... तू इचारलंस काय?"

नव्हतं विचारलं. कोणालाच नाही. त्याच दुपारी ग्रुपवर लिहिलं की यापुढे बुधवारी आणि शनिवारीच मेसेज येईल. ज्यांना कुठला वार चालत नाही त्यांनी मला कळवा, आणि घरात काही झालं असेल तर नुसतं 'सध्या नको' एवढं लिहा, कारण सांगू नका. तासाभरात बावीस उत्तरं आली... आणि दोघींनी फक्त 'सध्या नको' लिहिलं होतं.

रविवारी मांदेली मी स्वतः नेऊन दिली. दुपारी ताईंचा मेसेज आला, सासूबाई अख्खी भाकरी जेवल्या. वाचून मी रडले.

ताई, तुम्ही फोन केलात, तुमचे उपकार आहेत. गेल्या दोन महिन्यांत तुमच्याआधी चारजणी अशाच निघून गेल्या... त्यांच्या घरी त्या दिवशी काय चाललं होतं, ते मला कधीच कळणार नाही.