आईनं जपलेली नाळ

मी कल्याणच्या एका शाळेत विज्ञान शिकवते. त्यामुळे घरात कुणी आजारी पडलं की डॉक्टरांचं बोलणं आईला समजावून सांगायचं काम माझं. त्याचा मला थोडा माजच होता.

धाकटी बहीण मानपाड्याजवळच्या एका हॉस्पिटलात आयसीयूत होती. लघवीच्या इन्फेक्शनचं निमित्त झालं. तिनं ताप अंगावर काढला, जंतू रक्तात पसरले. डॉक्टर त्याला सेप्सिस म्हणाले. मग फुप्फुसं पाण्यानं भरली, व्हेंटिलेटर लावूनही ऑक्सिजन चढेना. मी मोबाइलवर वाचलेलं, म्हणून स्टेम सेलच्या, म्हणजे नाळेतल्या मूळ पेशींच्या, उपचाराबद्दल विचारलं. "मॅडम, त्याचे अजून प्रयोग चाललेत," डॉक्टर म्हणाले. "उपयोग होतोच असं सिद्ध झालेलं नाही. आमच्याकडे तर नाहीच." मला कळलं. तेवढ्यावर गप्प बसायला हवं होतं.

पण कल्याणजवळ मोहन्याला आमच्या घरी आले, तर आई ताट पुढ्यात घेऊन नुसती बसलेली. तिला काहीच चांगलं सांगता येत नाही हे सोसवेना. म्हणून सांगून टाकलं, की नाळेतल्या पेशींपासून औषध करतायत, त्यानं फुप्फुसांची सूज उतरेल असं शास्त्रज्ञांना वाटतं. "नाळेतल्या?" तिनं दोनदा विचारलं. मग ती जेवली. मला बरं वाटलं.

दुसऱ्या दिवशी भेटायच्या वेळेला ती रिक्षातून उतरली ती हातात स्टीलची डबी घेऊनच. डॉक्टरांसमोर तिनं ती उघडली. आत कापसात बहिणीची नाळ, वाळून काळी पडलेली, मनुक्याएवढी.

"साहेब, हिचीच आहे. गळून पडली तेव्हापासून जपून ठेवलेली."

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. आम्ही बौद्ध. आमच्या घरात नवस नाहीत, गंडेदोरे नाहीत, आईनं कधी कुणाचा अंगारा लावून घेतला नाही. तीही तसलं काही करायला आली नव्हती. विज्ञानावर विश्वास ठेवून आली होती, आणि ते विज्ञान मी सांगितलेलं होतं.

डॉक्टर चिडले नाहीत. डबी हातात घेऊन नीट पाहिली. "आई, ही सुकलीय. यातल्या पेशी मेल्यात. त्या जिवंत राहायला हव्या तर बाळ जन्मल्याबरोबर नाळ गोठवून ठेवावी लागते." बिचाऱ्यांनी सौम्यपणे सांगितलं.

बहीण तिसऱ्या दिवशी गेली.

वर्ष होत आलं. आईनं डॉक्टरांना बोल लावला नाही, मलाही नाही. भेटायला येईल त्याला एकच सांगते, "औषध होतं हो. मीच नीट ठेवलं नाही." ते ऐकताना मला स्वतःची किळस येते. सतरांदा समजावलं, अगं, तसं औषध नव्हतंच, तू काहीही केलं असतंस तरी ती वाचली नसती. ती ऐकून घेते, माझ्या पाठीवरून हात फिरवते.

"मला बरं वाटावं म्हणून बोलतेस तू," म्हणते. "तूच तर सांगितलेलंस."