दसऱ्याची हातोडी

झेंडूच्या वासात रॉकेलचा वास मिसळला की माझा डावा अंगठा आपोआप मुठीत जातो. कसब्यातल्या आमच्या बोळात त्या दसऱ्याला, मोटरसायकलला हार घालायच्या आधी, तिचं ऑइल मीच बदलणार असं मी घरात जाहीर केलं होतं. व्हिडिओ बघून झाला होता, मग मेकॅनिक कशाला? रॉकेल ओतूनही इंजिनाखालचा बोल्ट काही सुटेना, तेव्हा उताणा पडून मी पान्याला झटके द्यायला लागलो. वडील पूजेचं तबक घेऊन पायरीवर उभे होते. "उलटं फिरवतोयस," ते म्हणाले. "तुम्ही तुमची पूजा करा!" मी ओरडलो आणि पान्यावर हातोडी घातली. पहिला घाव पान्यावर बसला, दुसरा अंगठ्यावर. नख फुटलं, रक्त कोपरापर्यंत ओघळलं. मी उठून, शिव्या घालत, गाडीला अशी लाथ हाणली की ती स्टँडवरून कलंडून माझ्याच नडगीवर आली. तिच्याखालून कसाबसा पाय ओढला आणि हातोडी भिरकावली. हेडलाइटचा चुरा झाला. वडील सावकाश उतरले, काचांतून हातोडी उचलून तिला हळदकुंकू वाहिलं आणि म्हणाले, "यंदा शस्त्र म्हणून हीच. बराच पराक्रम केलाय." मग त्यांनी गाडी उभी केली, पाना दुसऱ्या बाजूने लावून त्यावर पाय दाबला, आणि बोल्ट निमूट सुटला. आता वडील नाहीत. हातोडी मी दर दसऱ्याला पुजतो. आणि बोल्ट अडला की अजूनही आधी उलट्या बाजूलाच जोर लावतो, पायरीवरून कोणी टोकतंय का म्हणून.