ग्लोव्हजमागचा परब

आमच्या रंगाच्या कारखान्याच्या क्रिकेट टीमचे पाच फोटो माझ्याकडे आहेत. प्रत्येकात दहा जण दात काढून हसतायत आणि अकराव्याच्या मानेवर विकेटकीपिंगचे दोन ग्लोव्हज. त्या ग्लोव्हजच्या मागे दिगंबर परब. कॅमेरा निघाला रे निघाला की हा बाबा तोंड झाकणार. फोटोग्राफर वैतागायचा, पोरं शिव्या घालायची. परब आतून म्हणायचा, "काढ रे तू. माझा तोंड तेंच्या कपाटात आसा."

सगळे खो खो हसायचे. मला हसू यायचं नाही, कारण ते तोंड कपाटात घालणारा मीच.

परब मुलुंडच्या आमच्या कारखान्याच्या गेटवर टाइमकीपर होता, मी डिस्पॅचला. आठ वाजून एक मिनिट झालं की लेटमार्क. मग तुम्ही मॅनेजरचे मेहुणे असा नाहीतर परबचे जिवलग मित्र. मी कितीदा भांडलो असेन! "अरे यार, गेटबाहेर चपलेचा अंगठा तुटला माझ्या." तो रजिस्टर मिटायचा आणि म्हणायचा, "लिवला ता लिवला." या तीन शब्दांपुढे युनियनचीही डाळ शिजली नाही.

स्टंपांमागे मात्र हा माणूस झकास होता. झेल घेतला की कधी ओरडायचा नाही. बॉल पंजात धरून अंपायरला हळूच विचारायचा, "काय वाटता?" अंपायर लाजून बोट वर करायचा. उपनगरातल्या क्लबांमध्ये त्याचं नाव होतं. फक्त त्याच्या आईनं त्याला खेळताना कधी पाहिलं नव्हतं. ती मालवणजवळच्या गावात एकटी. लिहिता-वाचता येत नसे. गावचे गुरुजी तिची पत्रं लिहीत, आणि प्रत्येक पत्राच्या शेवटी तेच: ते खेळाचे पांढरे कपडे घातलेला, हातात ते मोठे मोजे असलेला फोटो धाड.

आणि तसा फोटो येऊ घातला होता. वर्ल्डकप जिंकल्यानंतरचं ते वर्ष. घाटकोपरला जयंतीभाई म्हणून एक छापखानेवाला होता. तो पेपरमिंटच्या पुड्यात क्रिकेटरांची कार्डं घालायचा. पत्त्याएवढा पुठ्ठा, पुढे खेळाडू, मागे त्याच्या धावा आणि झेल. मोठे खेळाडू त्याला कुठले मिळायला! म्हणून त्यानं आमच्या उपनगरांतले चोवीस क्लबवाले निवडले. बारा नंबरला परब. परब लहान पोरासारखा हरखला. "साध्या फोटोत काय आसा? छापील धाडतंय आयेक. मागे नाव, झेल, सगळा."

फोटो काढायच्या आठवडाभर आधी बबलगमच्या मोठ्या कंपनीचा माणूस टाय लावून गेटवर आला. त्यांनाही परबचं कार्ड काढायचं होतं. चार पानांचा इंग्रजी कागद. परबनं तो माझ्याकडे दिला, कारण टीममध्ये इंग्रजी वाचणारा मी. मी काय वाचलं, माझं कपाळ! 'एक्स्क्लुझिव्ह' या शब्दावर बोट ठेवून म्हटलं, "म्हणजे खास, दिग्या. खास तुझ्यासाठी. जयंतीभाईच्या पेपरमिंटपेक्षा हे देशभर जाईल. कर सही, बिनधास्त!" त्यानं केली. टायवाल्यानं बबलगमचा एक खोका ठेवला, तो आम्ही दुपारपर्यंत चघळून संपवला.

बबलगमची कार्डं बाजारात आली. सगळे कसोटीवाले. परब नाही. त्या चोवीसांतला एकही नाही.

मग जयंतीभाई आला, हातात बारा नंबरचं कच्चं कार्ड. मागे परबचे झेल छापलेले, पुढे नुसता पांढरा चौकोन. "परबभाई, एक फोटो द्या नी. बाकीचे तेवीस पण हेच बोलतात, सही केली, सही केली. माझा धंदा बसला." तेव्हा कुठे मी तो कागद नीट वाचला. पाच वर्षं कंपनीखेरीज कुणीही परबचं खेळातलं चित्र काढायचं नाही. आणि कंपनीनं ते छापलंच पाहिजे असं कुठेच नाही. मी ते परबला मराठीत वाचून दाखवलं.

आम्ही दोघं अंधेरीला कंपनीच्या ऑफिसात गेलो. साहेब सज्जन होता, चहा पाजला. म्हणाला, "तुमचं कार्ड आम्ही काढणार नाही. दुसऱ्या कुणी काढू नये म्हणून तर सही घेतली." मी आवाज चढवला. साहेबानं शांतपणे कपाटातून कागद काढून पुढे सरकवला, खालच्या सहीवर बोट ठेवलं. परब उठला. "चल. लिवला ता लिवला."

जयंतीभाईनं कार्डांचा नाद सोडला आणि लग्नपत्रिका छापायला लागला. परबनं मात्र तो कागद अंगाला लावून घेतला. मी हजारदा सांगितलं, अरे, टीमचा फोटो चालतो, तुझ्या आईला धाडायला कोण अडवतंय, कंपनीला कळणार पण नाही. तो ऐकेल तर शपथ. "तुका एक मिनिट माफ केलंय कधी?" तो विचारायचा. "मग माका कित्याक?" मला त्याचा संताप यायचा, आणि त्याहून जास्त माझा. कारण तो बरोबर मोजत होता, मीच त्याच्या हातात खोटं घड्याळ दिलं होतं. गावाहून पत्रं येतच राहिली. चौथ्या वर्षी गुरुजींनी लिहिलं, आईचे डोळे फार कमी झालेत, आता सावल्या दिसतात.

पाच वर्षं पुरी झाली त्या दिवशी आठ वाजता मी कॅमेरा घेऊन गेटवर उभा होतो. परबनं पांढरे कपडे आणलेच होते. जेवणाच्या सुट्टीत मैदानात गेलो. तो स्टंपांमागे बसला, मी म्हटलं, "हां, बघ इकडे." खटका दाबला आणि त्याच क्षणी ग्लोव्हज वर गेले. "अरे, काय करतोस!" पुन्हा. पुन्हा तेच. तिसऱ्यांदा त्यानं हात मांड्यांखाली दाबून धरले, तरी एक सुटलाच. असं करत करत रोल संपला. मी दुसरा आणायला धावणार, तर तो म्हणाला, "ऱ्हवांदे. हात ऐकणत नाय." त्यातला जरा बरा फोटो, अर्धं कपाळ आणि एक कान दिसणारा, त्यानं गावी धाडला.

पंधरा दिवसांनी गुरुजींचं उत्तर आलं. परबनं ते गेटवरच उघडलं आणि वाचून माझ्या हातात दिलं. गुरुजींनी लिहिलं होतं: 'फोटो आईंनी डोळ्यांजवळ धरला, बराच वेळ हात फिरवला. मला विचारलं, तोंड दिसता मां रे माझ्या झिलाचा? मी म्हटलं, दिसतं, हसतोय. क्षमा असावी.'

मी मान वर केली. परब समोर उभा होता, डोळ्यांतून पाणी वाहत होतं, आणि दोन्ही हात खाली लोंबत होते. भोंगा झाला. माणसं आत शिरायला लागली. त्या दिवशी त्यानं कुणालाच लेट मांडलं नाही.