मुलुंडला दिलेली लेक

बोरिवलीच्या बागेतल्या कट्ट्यावर रोज संध्याकाळी आमची मेट्रो धावते. मार्ग कुठून न्यायचा, पैसा कोणी द्यायचा, यावर आम्ही मंत्र्यांच्या थाटात भांडतो. एक काका मात्र काठीने मातीत बोरिवली ते मुलुंड अशी सरळ रेघ ओढत बसतात.

“काका, निधी नाही! पुसा ती रेघ!” एकदा मी हात नाचवत ओरडलो.

“पुसू कशी रे? हाच मार्ग पेपरात बघून लेक मुलुंडला दिली. बायकोला म्हटलं, मेट्रो झाली की पोरगी तासाभरात माहेरी.”

“मग आता?”

“सणाला येते ना. चप्पल काढतानाच परत निघायची वेळ सांगते.”

निधीवरचा एक झकास टोला माझ्या जिभेवर होता. तो गिळून मी त्यांच्या शेजारी टेकलो.