देव्हाऱ्यातला रोमन

वैशाखरे या आमच्या गावात रोमन साम्राज्याचा मुक्काम आमच्या घरी, कपाटावरच्या बिस्किटांच्या डब्यात होता. नव्वदच्या दशकात मी वाशिंदच्या एका कारखान्यात होतो, आठवड्यानं घरी यायचो आणि मुंबईच्या एका दुकानदाराकडून ब्राँझची जुनी रोमन नाणी आणायचो. बायकोच्या मते ते भंगार होतं, आणि वजनावर घेतलं असतं तर स्वस्त पडलं असतं.

एका शनिवारी आलो तर डब्यातला सगळ्यात मोठा, दाढीवाला सम्राट गायब. शोधाशोध केली, तर महाराज देव्हाऱ्यात. कपाळाला हळदकुंकू, पुढ्यात दूधभात. वाटण्या झाल्या तेव्हा रीतीप्रमाणे देव थोरल्या काकांकडे गेले होते, आणि त्यांच्याबरोबर आजोबांचा टाकही, म्हणजे पूर्वज म्हणून पुजायचा चेहरा उठवलेला पत्रा. आजोबांचा फोटो कुणी कधी काढलाच नव्हता. तेव्हापासून वडिलांच्या देव्हाऱ्यात त्यांचा बाप नव्हता. ती जागा त्यांनी माझ्या डब्यातून भरून काढली होती.

"बाबा, हा रोमचा राजा हाय."

"आसंल. आता तुजा आजा हाय."

"आज्याला दाढी कुठं होती?"

"आजारपनात वाडली व्हती."

डोक्यावरची पानांची माळ म्हणजे मुंडासं, हेही त्यांनी परस्पर ठरवून टाकलं होतं. नाण्याच्या पाठीवर एक उघडीवाघडी देवी होती. तिचं तोंड भिंतीकडे होतं म्हणून बरं.

माझा जीव त्या नाण्यात अडकला होता. तसं दुसरं मला परवडणारं नव्हतं. पण देव्हाऱ्यातून उचलायचं म्हणजे वडिलांशी वैर. म्हणून मी थोरल्या काकांनाच बोलावून आणलं. खरा टाक त्यांच्याकडे, तेव्हा हा तोतया बघून ते भडकतील, काढा म्हणतील आणि मी काढेन, असा माझा हिशेब. वाटण्यांपासून दोघे भाऊ कामापुरतंच बोलत, त्यामुळे भडकायला फार वेळ लागणार नव्हता.

काका चष्मा वर करून, वाकून बराच वेळ बघत राहिले.

"माज्याकडच्याला घासून घासून तोंडच नाय रायलं," ते म्हणाले. "हितं दिसतोय बापूस."

त्यांनी डोकं टेकलं. वडिलांनी तोंड फिरवलं, पण खांदे हलत होते. मीही नकळत हात जोडले, आणि त्याचाच मला राग आला.

उठता उठता काकांनी मला विचारलं, "आसा आनखी हाय का रे?"

मी डबा काढून दिला. दोघे भाऊ ओटीवर शेजारी शेजारी बसले, आणि एकेक सम्राट उजेडात धरून आपला बाप शोधू लागले.