संदर्भसूचीतला मान

लग्नात सुटलेलं कॉलेज मी ऑनलाइन पुन्हा धरलं आणि शेवटच्या वर्षी संशोधनपर लेखनाचं लोढणं गळ्यात पडलं. सासऱ्यांनी आधीच बजावलं होतं, "एकदा नापास झालीस की बास! मंग मोबाईल ठिवायचा आन् गोठा बघायचा." त्यांना आम्ही नाना म्हणतो. नाना बोलले की घरात विषय संपतो.

मी विषय सोपा निवडला : काष्टीच्या बाजारात भाजी विकणाऱ्या बायका. माहिती घरातच होती की! सासूबाईंनी उमेदीची सगळी वर्षं त्या बाजारात भाजीची पाटी घेऊन काढलेली. त्या भाकरी थापता थापता सांगायच्या, मी लिहून घ्यायची.

ऑनलाइन वर्गात मॅडम म्हणाल्या, "शेवटी संदर्भसूची जोडा. ज्यांच्याकडून माहिती घेतली, त्यांची नावं."

हात्तिच्या, एवढंच ना! नावं लावण्यात आमचा हात कोण धरणार? लग्नपत्रिकेत एखादं नाव खाली गेलं तर आमच्याकडे माणसं न जेवता उठतात. यादी करायला मी वही नानांपुढे धरली. त्यांनी चष्मा लावून मानाप्रमाणे सगळी रांग लावली. वर थोरले चुलत सासरे, मग स्वतः नाना, मग दोन्हीकडचे मामा, एक माजी सरपंच, चार कैलासवासी आणि खाली 'समस्त भावकी'. सासूबाई 'घरातील महिला मंडळा'त गेल्या.

मॅडमनी ती यादी भर वर्गात स्क्रीनवर उघडली. "या कैलासवासींची मुलाखत कुठं घेतलीत?"

पोरं खिदळायला लागली. मला तर धरणी दुभंगावी असं झालं.

"ज्यानं सांगितलं, त्याचंच नाव राहील," मॅडम म्हणाल्या. "बाकीची काढा, नाहीतर मी हा पेपर पास करणार नाही."

आता आली का पंचाईत! नानांनी बाजाराबद्दल एक अक्षर सांगितलं नव्हतं. नाव ठेवलं तर मॅडम नापास करणार, काढलं तर नाना रुसणार, आणि ते रुसले की माझं कॉलेज गेलंच. मला शिकायचं होतं हो, अगदी मनापासून. गोठ्यात जाऊन रडले मी.

शेवटी मन घट्ट करून नवी सूची नानांच्या हातात दिली. तिच्यात एकच नाव होतं, सासूबाईंचं.

"माजं कुठंय?"

"नाना, काहीतरी सांगितलं तरच नाव लागतं."

"मंग इचार की! तोंड हाय ना मला?" ते खाटेवर सरसावून बसले. "लिही. आमी लई वर्सं काष्टीचा बाजार केला..."

"कवा वो?" चुलीपासून सासूबाईंचा आवाज आला. "पाटी डोक्यावर द्यायला तरी कवा आल्ता का?"

नानांची कानशिलं लाल झाली. संपलं, म्हटलं, आता गोठाच बघायचा.

पण नाना खाकरले. "लिही. बाजार हिनं केला. पाटी हिनं व्हायली. मी पारावर बसलो आन् घरी यून जेवलो. मी सांगितलं म्हनून लिही, माज्या नावानं."

सासूबाई पिठाच्या हातांनी बाहेर आल्या. नानांकडे त्यांनी बघितलंसुद्धा नाही.

"तारीख टाक गं खाली," मला म्हणाल्या, "आन् सही घी त्यांची."